मुलीचे नाव: दोघांचे एकमत होईपर्यंत

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी नऊ दिवसांची आहे, बारसे बाराव्या दिवशी ठरले आहे, पाहुण्यांना निरोप गेले आहेत आणि नाव मात्र ठरलेले नाही. यजमानांना आपल्या आजीचे, म्हणजे मुक्ताबाईंचे नाव ठेवून मुलीला ‘मुक्ता’ म्हणायचे आहे. आपल्याला ‘कियारा’ हे नाव आवडते. सासर बेळगावात शहापूरला, माहेर निपाणीला, दोन्हीकडे घरात मराठी, आणि मुलगी पुढे बेळगावातच शिकणार. त्यातच भटजींनी हस्त नक्षत्राचे तिसरे चरण सांगून ‘ण’ हे अक्षर दिले, ‘ण’ वरून नाव कुणालाच सापडेना, म्हणून नणंदबाईंनी त्याच नक्षत्रातला ‘पू’ धरून ‘पूर्वा’ सुचवले आणि आत्याचा मान पुढे केला. आता दोघांपैकी कुणी माघार घ्यावी, असे आपण विचारले आहे.

माझ्याविषयी थोडे सांगते, म्हणजे पुढचे बोलणे कुठल्या अनुभवातून येते ते आपल्याला कळेल. मी खानापूर तालुक्यात आणि शेवटची काही वर्षे बेळगावजवळ सरकारी मराठी शाळांमध्ये ३३ वर्षे शिकवले. त्यांतील ११ वर्षे मुख्याध्यापिका होते. दर जूनला पहिलीच्या मुलांची नावे दाखल-रजिस्टरात लिहिण्याचे काम माझ्याकडे असे, आणि त्या नावांचे पुढे काय झाले, हे सातवीनंतरचा दाखला देताना मलाच पाहावे लागे. मी ज्योतिषी नाही आणि समुपदेशकही नाही. नावे लिहिण्यात आणि ती हजेरीला पुकारण्यात माझा जन्म गेला, एवढाच माझा अधिकार.

आपण हा वाद ‘जुने नाव की नवे नाव’ असा मांडला आहे. मला तो तसा वाटत नाही. आपल्या लिहिण्यात एक वाक्य मध्येच येऊन गेले आहे: ‘तिला तिचे स्वतःचे असे काही नको का?’ माझ्या मते सगळा प्रश्न त्या वाक्यात आहे. ‘मुक्ता’ हे नाव आपल्याला कानाला वाईट वाटते असे आपण कुठेही म्हटलेले नाही. आपल्याला खुपते ते हे की मुलगी जन्मल्यापासून पहिली मिळालेली वस्तू सासरच्या कुणाची तरी असावी आणि तीही आपल्याला न विचारता ठरावी. यजमानांचेही तसेच असावे. लहानपणी आई नोकरीवर जात असल्याने आजीनेच त्यांना वाढवले, असे आपणच लिहिले आहे. त्यांना जुन्या नावांची आवड आहे असे मला दिसत नाही. एका माणसाची आठवण घरात हाकेच्या रूपाने राहावी, एवढेच त्यांना हवे आहे. म्हणजे एकाला नावाबरोबर कुणीतरी यायला हवे आहे आणि दुसऱ्याला ते नाव एकटे यायला हवे आहे. हे एकदा दोघांनी एकमेकांना सरळ शब्दांत सांगितले की यादीवरची भांडणे निम्मी होतात, असे मी पालकांमध्ये पुष्कळदा पाहिले आहे. सांगितले नाही, तर नाव कोण ठरवतो? जो टेबलाजवळ उभा असतो तो.

हे मी माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. खानापूरकडचा जूनचा पाऊस, शाळेच्या कौलांतून दोन ठिकाणी गळत होते आणि मी रजिस्टर ओले होऊ नये म्हणून टेबल खिडकीपासून ओढून घेतले होते. एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. जन्माचा दाखला त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणला होता. त्यात तारीख होती, आईवडिलांची नावे होती, मुलीच्या नावाची जागा कोरी होती. मी नाव विचारले. ते म्हणाले, ‘लक्ष्मी.’ दाराबाहेर इरल्याखाली त्यांची पत्नी उभी होती. ती तिथूनच म्हणाली, ‘नव्हे हो बाई, पूजा.’ मी मुलीकडे वाकून विचारले, ‘तुझे नाव काय गं?’ ती म्हणाली, ‘बाळी.’ घरात सगळे तिला तेच म्हणत होते. सहा वर्षे दोघांचे एकमत झालेच नव्हते. मागे रांग होती. मी ‘लक्ष्मी’ लिहिले. वडील टेबलाजवळ होते आणि आई पावसात, याखेरीज त्याला दुसरे कारण नव्हते. पुढे सात वर्षे ती मुलगी हजेरीला पहिल्या हाकेला कधी ‘हजर’ म्हणाली नाही. शेजारची मुलगी कोपर मारायची, मग तिच्या लक्षात यायचे. दाखला न्यायला आई आली तेव्हा तिने माझ्यासमोरच मुलीला ‘पूजा, सही कर’ असे म्हटले. तेव्हापासून मी एक नियम पाळला: आईवडील दोघांनी माझ्यासमोर एकच नाव उच्चारल्याशिवाय रजिस्टरात पेन टेकवायचे नाही, मग रांग कितीही लांब असो.

आता आपल्याला सर्वांत जास्त धाक बाराव्या दिवसाचा आहे, म्हणून वेळेचा हिशेब आधी सांगते. बारसे हा घरचा विधी आहे आणि जन्मनोंदणी हे सरकारी काम आहे. दोन्हींची घड्याळे वेगळी आहेत. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ या कायद्याप्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत कळवायची असते, आणि जन्म रुग्णालयात झाला असेल तर ते काम रुग्णालयाचे असते. परंतु त्या नोंदीत बाळाचे नाव असलेच पाहिजे असे नाही. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये नाव नंतर भरण्याची सोय आहे: १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून रुग्णालयातल्या फॉर्मवर घाईने काही लिहून दिले नसेल तर ती जागा कोरी राहू द्या. लिहून दिले असेल तर आजच चौकशी करा, कारण एकदा नाव चढले की कलम १५ खाली फक्त चूक दुरुस्त करता येते. ‘आमचा विचार बदलला’ ही चूक धरली जात नाही, आणि मग प्रतिज्ञापत्रे व खेटे सुरू होतात. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्माचा दाखलाच धरला जातो. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर जे निभावून जात असे ते आता निभत नाही. तरीही कोरी जागा वर्षभर ठेवू नका. तीन महिन्यांच्या पुढे गेलेले नाव घरात ‘बाळी’, ‘छकुली’ असे काहीतरी होऊन बसते आणि नंतर कुठलेच नाव बसत नाही.

वेळ मिळाल्यावर काय करायचे, ते आता सांगते. नावांची यादी करू नका. याद्या पुष्कळ मिळतात आणि त्यांमुळे वाद वाढतो, कारण प्रत्येक जण आपल्या नावाच्या बाजूने बोलू लागतो. त्याऐवजी आधी नकार ठरवा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपल्याला कुठल्या प्रकारचे नाव मुळीच चालणार नाही, हे लिहावे, आणि प्रत्येक नकाराला एका वाक्याचे कारण द्यावे. ‘आवडत नाही’ हे कारण धरू नये. ‘त्या नावाची माझ्या वर्गात एक मुलगी होती आणि तिला सगळे हसत’, ‘ते नाव ऐकले की तुझ्या मोठ्या काकू डोळ्यांसमोर येतात’, ‘ते नाव मला मालिकेतले वाटते’, ‘अर्थ विचारला तर मला सांगता येणार नाही’ ही कारणे आहेत. दोघांनाही नकाराचा पूर्ण अधिकार असावा आणि त्यासाठी माफी मागावी लागू नये. मात्र निवडीचा अधिकार कुणा एकाचा नसावा. हे बोलणे होईपर्यंत सासूबाई, आई, नणंद, मैत्रिणी, कुणालाही त्यात घेऊ नका. तिसरा माणूस आला की जोडीदाराला पटवण्याऐवजी त्या तिसऱ्याला आपल्या बाजूला ओढण्याची धडपड सुरू होते.

आजीचे नाव ठेवण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरी पेच तिथेच आहे. यात घरोघर फरक आहे. काही घरांत हयात माणसाचे नाव ठेवत नाहीत, काही घरांत आजी गेल्यानंतर जन्मलेली पहिली मुलगी म्हणजे आजीच परत आली असे मानतात. आपल्या भागात आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे. मुक्ताबाई या आपल्या सासूबाईंच्या सासूबाई. आपल्या सासूबाई उभा जन्म त्यांना ‘आत्याबाई’ म्हणाल्या असतील. त्यांचे नाव त्यांनी कधी तोंडाने घेतले नसेल. आता त्यांनीच नातीला ‘अगं मुक्ते, ऊठ, किती लोळतेस’ म्हणायचे? माझ्या वर्गातल्या अशा एका मुलीला तिची आजी ‘बाई’ म्हणायची, आई ‘ताई’ म्हणायची आणि पूर्ण नाव फक्त मी घेत असे. ज्या नावासाठी घरात इतकी रस्सीखेच झाली ते नाव घरात कुणी वापरतच नव्हते. म्हणून यजमानांना भांडणाच्या सुरात न विचारता खरोखर विचारा: सासूबाई तिला काय हाक मारतील? उत्तर ‘मुक्ता’ असेल तर त्या नावात दम आहे. उत्तर ‘बाई’ असेल तर आजीची आठवण राखण्याचा दुसरा मार्ग शोधता येईल.

आपल्या बाजूचेही एक सांगायला हवे. ‘कियारा’ हे नाव आपल्याला कुणाचेच नाही म्हणून आवडते, परंतु ते फार लवकर पुष्कळांचे होणार आहे. माझ्या नोकरीच्या आरंभी वर्गात सुनीता, अनिता, संगीता असत. मग पूजा आणि प्रियांका आल्या. एका वर्षी माझ्याकडे एकाच वर्गात चार पूजा होत्या आणि मुलांनी त्यांना मोठी पूजा, बारकी पूजा, वडगावची पूजा आणि चष्म्याची पूजा अशी नावे दिली होती. नंतर श्रेया, समृद्धी, श्रावणी यांची लाट आली. प्रत्येक लाटेतल्या आईला आपले नाव नवे वाटत होते. हे मी टीका म्हणून सांगत नाही; लाटेतले नाव वाईट नसते. फक्त ‘तिचे स्वतःचे’ असावे हा आपला हेतू असेल, तर आज सर्वांच्या तोंडी असलेले नाव तो हेतू पुरा करील का, हे पाहा.

दुसरीकडे ‘मुक्ता’ हे नाव केवळ आपल्या सासरचे नाही, हेही खरे आहे. मराठीत मुक्ताबाई म्हणजे ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण, रुसून दार लावून बसलेल्या भावाला ताटी उघडायला सांगणारी. कन्नडमध्ये तिच्याआधी शतकभर, बाराव्या शतकातल्या शिवशरणांत, म्हणजे शिवभक्त संतांत, मुक्तायक्का होऊन गेली. तीही अजगण्णाची बहीण म्हणूनच ओळखली जाते, आणि भाऊ गेल्यानंतरचा तिचा शोक व संत अल्लमप्रभूंशी झालेला तिचा संवाद वचनांमध्ये, म्हणजे त्या संतांच्या कन्नड रचनांत, आहे. दोन भाषांत एकाच नावाच्या दोन बहिणी, दोघी कवी, दोघी मोठ्यांना उत्तर देणाऱ्या. आपण निपाणीच्या आणि यजमान शहापूरचे. दोन्ही ठिकाणी या दोन्ही भाषा दारात उभ्या असतात. यजमानांनी आपल्याला ‘माझ्या आजीचे नाव’ एवढेच सांगितले असेल तर त्यांनी त्या नावाचा निम्माच भाग सांगितला. मी त्यांची बाजू घेते असे समजू नका. नकार द्यायचाच असेल तर पूर्ण नाव ओळखून द्यावा, एवढेच.

नाव मनात धरले की ते कागदावर सुंदर दिसते का हे पाहण्याऐवजी ते हाकेत कसे लागते ते पाहा. माझी पद्धत साधी होती. नवीन बाळाचे नाव विचारायला शेजारपाजारचे लोक येत, तेव्हा मी त्यांना अंगणात जाऊन ते नाव संध्याकाळी मुलाला घरी बोलावतो तसे मोठ्याने पुकारायला लावत असे. मग तेच नाव रागाने, मग तेच झोपवताना हळू, आणि शेवटी वडिलांच्या नावासह व आडनावासह हजेरीसारखे. चार वेळा म्हटल्यावर बहुतेकांचा चेहराच सांगतो. काही नावे रागात म्हणताच येत नाहीत आणि काही फक्त रागातच शोभतात.

आपल्या भागात याला एक जास्तीची परीक्षा आहे आणि पुण्या-मुंबईच्या नावांच्या पुस्तकांत ती नसते. आपल्या मुलीचे नाव आयुष्यभर तीन लिप्यांत लिहिले जाणार आहे आणि निदान दोन भाषांत पुकारले जाणार आहे. म्हणून निवडलेले नाव कन्नडमध्ये लिहून एखाद्या कन्नडभाषक शेजाऱ्याला, मुलीला न ओळखणाऱ्या माणसाला, वाचायला द्या. आपण शेवटचा ‘अ’ गिळतो. कन्नड तो म्हणते. आपली ‘शीतल’ तिथे ‘शीतला’ होते, ‘कोमल’ची ‘कोमला’ होते. जाई, जुई, चांदणी या नावांतले आपले दंत्य ‘ज’ आणि ‘च’ कन्नडमध्ये नाहीत, म्हणून त्यांचा उच्चार जिभेवर वेगळा पडतो. ‘ऋ’च्या बाबतीत मात्र गंमत अशी की मराठी आणि कन्नड एका बाजूला आहेत: अमृता, कृतिका यांत दोघेही ‘रु’ म्हणतात आणि हिंदीवाले ‘रि’.

अर्थाचाही एक सापळा असतो. माझ्या शाळेत एका शिक्षकांच्या मुलीचे नाव ‘इला’ होते. उत्तम संस्कृत नाव, दोन अक्षरी. कन्नडच्या तासाला हजेरी घेणारे सर ‘इला’ म्हणाले की मागच्या बाकावरून हमखास ‘इल्ला!’ असा आवाज येई, म्हणजे ‘नाही’. ती रोज वर्गात असे आणि तिचे नावच तिला रोज गैरहजर लावत असे. मीनल किंवा मीनाक्षीला लाडाने ‘मीनू’ म्हणाल तर कन्नडमध्ये तो मासा होतो, आणि सारिकेला ‘सारू’ म्हटले की जेवणातली पातळ आमटी होते. ‘सई’ या गोड नावाची फजिती तर दोन्ही भाषांत होते. ओळखीतली एक सई बँकेत खाते उघडायला गेली. कारकुनाने नाव विचारले, ती ‘सई’ म्हणाली, आणि तो म्हणाला, ‘सही नंतर करा, आधी नाव सांगा.’ यांतली कुठलीही गोष्ट नाव टाळण्याइतकी मोठी नाही. ती इला आज स्वतः हा किस्सा हसत सांगते. पण नाव ठेवण्याआधी माहीत असलेली थट्टा आणि पहिलीत जाऊन कळलेली थट्टा यांत फरक आहे.

इंग्रजी स्पेलिंगचा मुद्दा याहून गंभीर आहे. कर्नाटकात दाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो, आणि इथे ‘त’ लिहिताना टी-एच लिहिण्याची रीत आहे. आपण ‘मुक्ता’ नुसत्या टी-ए ने लिहाल, आणि संगणकावर बसलेला माणूस सवयीने टी-एच-ए लिहील. त्याच्या दृष्टीने तेच बरोबर आहे. स्वाती, गीता, अमृता, तारा, सगळ्यांचे हेच होते. ‘ज्ञ’ तर दोन राज्यांचे भांडणच आहे: आपण ‘प्रज्ञा’ डी-एन-वाय ने लिहितो, ते जे-एन ने लिहितात, कारण उच्चारच वेगळा आहे. आपल्या ‘कियारा’लाही सूट नाही, आय-ए, आय-वाय-ए, दोन ए घालून, अशी तीन-चार स्पेलिंगे मी स्वतः पाहिली आहेत. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे झाले की दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना सगळे उघडे पडते आणि मग वडील शाळा, नोंदणी कार्यालय आणि आधार केंद्र यांच्यामध्ये फिरत राहतात. माझ्या हातून एका मुलीच्या नावात कन्नडमध्ये एक काना कमी पडला होता. तो दुरुस्त होईपर्यंत तिच्या वडिलांचे किती दिवस बुडाले, ते मला ठाऊक आहे. त्यामुळे नाव ठरले की त्याच दिवशी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही रूपांत एका कागदावर लिहा, कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि कुठल्याही अर्जाबरोबर त्याचीच प्रत पुढे करा. संगणकावर नोंद होत असताना पडद्यावरचे अक्षर स्वतः वाचल्याशिवाय ‘बरोबर आहे’ म्हणू नका.

ज्या शहराचे नावच १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले आणि ज्या राज्याचेही १९७३ मध्ये बदलले, तिथल्या माणसांना कागदांवरच्या दोन नावांची सवय असते, असे कुणी म्हणेल. शहराला ते झेपते. त्याला दहावीचा अर्ज भरावा लागत नाही. आणि जाता जाता: नावातून आपली भाषा ठळक दिसावी म्हणून किंवा दिसूच नये म्हणून नाव निवडणारे पालक मी दोन्ही प्रकारचे पाहिले आहेत. १९५६ पासून मोठ्यांना सुटला नाही तो सीमेचा प्रश्न पाळण्यातल्या मुलीच्या गळ्यात बांधू नये, असे माझे मत आहे. आपल्याकडे दोन्ही भाषांत सहज बसणारी नावे मुबलक आहेत. सौंदत्तीच्या डोंगरावरची रेणुका मराठी घरांत जितकी आहे तितकीच कन्नड घरांत आहे. रुक्मिणी वारकऱ्यांची आणि पुरंदरदासांच्या विठ्ठलाची, दोघांचीही. गौरी, उमा, रमा यांना तर कुठल्याही लिपीत अडचण नाही. आपल्याला छोटे नाव हवे असेल, तर दोघांचे नकार लिहून झाल्यावर अशी दोन अक्षरी नावे एकदा त्यांतून गाळून पाहा.

राहिली रास आणि आत्या. राशीच्या अक्षराविषयी माझा कुणाशी वाद नाही, पण ते जन्मनाव पत्रिकेत लिहिण्यासाठी असते. तेच हाकेला वापरावे अशी सक्ती जुन्या लोकांनीही कधी धरली नाही. तसे असते तर हस्ताच्या ‘ण’ आणि ‘ठ’ वर, आर्द्रेच्या ‘ङ’ वर जन्मलेल्या मुली बिननावाच्या राहिल्या असत्या. पाळण्यात एकापेक्षा जास्त नावे ठेवण्याची रीत आपल्याकडे आहेच. तेव्हा नणंदबाईंचे ‘पूर्वा’ हे जन्मनाव म्हणून आनंदाने घ्या. त्यांचा मान नाव निवडण्यात आहे की ते बाळाच्या कानात पहिल्यांदा सांगण्यात आहे, हे मी माझ्या नणंदेला एकदा विचारले होते. ती म्हणाली, ‘मला कुर्रर्र करायला मिळाले की झाले, नाव तुम्ही ठरवा.’ सगळ्या नणंदा असे म्हणणार नाहीत. परंतु त्यांना आधी विश्वासात घेऊन सांगितले आणि बारशाच्या दिवशी पाहुण्यांसमोर अचानक कळले, यांत फार अंतर आहे.

आपल्या हातात आता तीन दिवस आहेत. पहिल्या दिवशी नकारांचे कागद लिहा आणि रात्री बाळ निजल्यावर एकमेकांना वाचून दाखवा. यजमानांना आजीविषयी बोलू द्या, मध्ये बोलू नका, आणि मग ‘तिचे स्वतःचे’ म्हणजे आपल्याला काय हवे आहे, ते सांगा. दुसऱ्या दिवशी उरलेली नावे अंगणात पुकारून पाहा आणि कन्नड शेजाऱ्यांना वाचायला द्या. यातून एक नाव निघाले तर उत्तम. नाही निघाले तर बारसे ठरल्या दिवशीच करा. पाळण्यात ‘पूर्वा’ आणि ‘मुक्ता’ ही दोन्ही नावे सांगू द्या, आणि आपल्याला मनापासून हवे असेल तर आपलेही तिसरे सांगू द्या. नोंदणीच्या फॉर्ममधली जागा तेवढी कोरी ठेवा आणि दोघांनी मिळून एक तारीख ठरवा, सव्वा महिना झाल्यानंतरची, की त्या दिवशी दोघे एकत्र जाऊन ती भरू. एकट्याने जायचे नाही, कार्यालय कितीही जवळ असले तरी. नणंदबाईंना मात्र आजच फोन करा. घुगऱ्यांचे हरभरे भिजत घालायच्या आधी त्यांना हे कळलेले बरे.